एक रविवार, ठिपक्यांचा

शिकागोला पाहुणे आले की आपली वारी ठरलेली. सीअर्स टॉवर (२००९ पासून विलिस, पण तोंडात जुनंच नाव), सरोवराचा किनारा आणि डेव्हॉनवर जेवण. आर्ट इन्स्टिट्यूटच्या दारातले ब्राँझचे दोन सिंह फोटोपुरते. विवेकानंद १८९३ साली याच इमारतीत बोलले, म्हणून काही जण आत डोकावतात इतकंच. मुलं बरोबर असली तर, "चित्रं बघून ती कंटाळतील" हे उत्तर तयार असतं.

मुलं कंटाळतात ती दोन तासांत चाळीस दालनं पालथी घातल्यामुळे. चौदा वर्षांखाली तिकीट नाही, तेव्हा पैसे वसूल करण्याचा आपला स्वभाव जरा आवरावा आणि एकाच चित्रापुढे अर्धा तास बसावं. आम्ही निवडलं जॉर्ज सराचं 'ग्रांद जात बेटावरचा रविवार'. सुमारे सात फूट उंच, दहा फूट रुंद. पॅरिसजवळच्या नदीकाठी सुट्टीची दुपार घालवणारी माणसं. १८८४ मध्ये सुरुवात केली तेव्हा सरा चोवीस वर्षांचा होता, आणि पुढची दोन वर्षं तो ते रंगवत राहिला!

शेजारची पाटी आधी वाचायची नाही, एवढाच नियम. "काय काय दिसतंय?" असं विचारून आपण गप्प बसायचं. (हे इंजिनिअर बापाला सर्वांत अवघड.) मुलाला दोरीला बांधलेलं माकड पहिल्यांदा दिसलं. मुलीला दिसली मधली पांढऱ्या फ्रॉकमधली छोटी. सगळे नदीकडे बघतायत आणि ही थेट आपल्याकडे.

माझी आई साताऱ्याहून आली होती. मुलगी छत्रीला "ऑरेंज" म्हणाली.

"अगं, ही अबोली," आई म्हणाली.

"आजी, अबोली म्हणजे?"

मग गजऱ्यातलं फूल आलं, गवताचा शेवाळी आला, घागऱ्याचा जांभळा आला. घरी आम्ही मुलांशी मराठीच बोलतो, पण ते जेवण, अभ्यास आणि रागावणं यांपुरतं. रंगांचे शब्द वापरायला कारणच पडत नाही. इथे पडलं.

मग मुलं जवळ जाऊन ठिपके बघून आली. आई म्हणाली, "आपण रांगोळीत ठिपके रेघांनी जोडतो. यानं ते काम आपल्यावर टाकलंय."

मी टीव्हीच्या पडद्याचं उदाहरण देणार होतो. ते राहूनच गेलं. मुलांना सांगितल्या त्या दोनच गोष्टी. उन्हातल्या गवतावरचे काही पिवळे ठिपके तपकिरी झालेत, कारण झिंक यलो हा रंग टिकला नाही. आणि १९५८ मध्ये चित्र न्यूयॉर्कला पाठवलं असताना तिथल्या म्युझियमला आग लागली. चित्र वाचलं, पण त्यानंतर ते शिकागोबाहेर पाठवत नाहीत.

अर्ध्या तासाने मुलांना चिलखतं बघायची होती. आई बाकावरून उठेना. "तुम्ही या जाऊन," म्हणाली, "माझं ते कुत्रं बघायचं राहिलंय."