कागदावरचा विजेता

उद्याचे आज जाणून घ्यावे, ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. मृग निघाला की त्याचे वाहन कोणते, कोल्हा की म्हैस, यावरून पावसाची चर्चा आमच्या गावोगावी सुरू होते. कणसात दाणा भरण्यापूर्वीच पिकाचा आकडा सांगणारे जाणते प्रत्येक वाडीत असतात. लग्नाच्या मांडवात बसल्या बसल्या नव्या सुनेचा स्वभाव वर्तविणाऱ्या आत्याबाईंचीही कोठे उणीव नसते. यात पाप काही नाही. पाऊस त्याच्या वेळेने पडतो, आणि शेतकरी वाहन कोणतेही असो, पेरतोच. परंतु अंदाज कोठवर अंदाज राहतो आणि कोठून पुढे तो निवाडा होऊन बसतो, ही सीमा मोठी सूक्ष्म आहे. ती दाखविण्यासाठी आज मी वाचकांना जरा दूर, अमेरिकेतील महाविद्यालयांच्या फुटबॉल मैदानावर नेऊ इच्छितो.

इतक्या दूरचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमच्या धर्मग्रामातील काही घरांची मुले तिकडे शिकावयास गेली आहेत. त्यांपैकी एक जण नाताळच्या सुटीत घरी आला असता त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर चौकटी आखल्या होत्या: डावीकडे चार रिकाम्या जागा, मग दोन, आणि शेवटी एक. तो म्हणाला, "फादर, १९६६ साली प्लेऑफ असता तर कोण जिंकलं असतं? भरा यात नावं." जी स्पर्धा कधी झालीच नाही, तिचा विजेता सांगावयाचा! तिकडे या खेळाचे शौकीन असे कागद भरण्यात तासन्‌तास रमतात म्हणे. मला प्रथम हसू आले. पण त्या कागदाने पुढे बराच विचार करावयास लावले.

आधी तो खेळ समजून घेऊ. आमची मुले शाळेच्या पटांगणात पायाने खेळतात तो फुटबॉल हा नव्हे. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ तो हातात घेऊन धावतात, फेकतात, झेलतात, आणि समोरच्याला आडवे पाडतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे; न जमल्यास चेंडू दुसऱ्याकडे. सरकत सरकत प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेले की सहा गुण मिळतात. विद्यापीठांच्या या सामन्यांना लाख-लाख माणसे जमतात.

आता अडचण अशी की सर्वोच्च श्रेणीत सव्वाशेहून अधिक संघ आहेत, आणि एका मोसमात प्रत्येकाला साधारण बाराच सामने मिळतात. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य. मग श्रेष्ठ कोण, हे ठरवावे कसे? पुष्कळ वर्षे ते मतांनी ठरत असे. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेमार्फत वार्ताहर मते देऊ लागले, आणि १९५० पासून प्रशिक्षकही. चार संघांची बाद फेरी सुरू झाली ती २०१४ च्या मोसमात, आणि बारा संघांची २०२४ मध्ये. तीत कोणाला घ्यावयाचे हे मात्र अजूनही तेरा जणांची एक समितीच ठरवते. म्हणजे मैदानाचे दार उघडले खरे, पण त्या दारावर अंदाज बसलेलाच आहे.

त्या मुलाने १९६६ हेच साल निवडले यात नवल नाही. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाचा नोटर डेम आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट यांची गाठ पडली. नोटर डेम म्हणजे फ्रेंच भाषेत 'आमची माता'. पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली इंडियाना राज्यात स्थापन केलेले हे कॅथलिक विद्यापीठ आहे. त्या दिवशी त्यांचा प्रमुख खेळाडू टेरी हॅनरटी सुरुवातीलाच जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला कोली ओब्रायन मधुमेहाचा रुग्ण होता. संघ दहा गुणांनी मागे पडला, तरी त्याने ते भरून काढले. १०-१० अशी बरोबरी झाली. शेवटचे मिनिटभर उरले असता प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी धोका न पत्करता वेळ जाऊ दिला, आणि त्याबद्दल पुढे अनेक वर्षे बोल सोसले. त्या काळी जादा वेळ देण्याचा नियम नव्हता. सामना तसाच संपला. मतदारांनी मोसमाअखेर नोटर डेमला पहिला, मिशिगन स्टेटला दुसरा क्रमांक दिला. एकही सामना न हरलेला, एकही बरोबरीत न सोडलेला अलाबामा तिसरा राहिला! चौथा होता जॉर्जिया.

मी कागद भरावयास बसलो. नोटर डेमने दहा सामन्यांत ३६२ गुण केले आणि अवघे ३८ दिले. अलाबामाने अकरा सामन्यांत ३०१ गुण केले आणि ४४ दिले. म्हणजे एका सामन्यामागे एकाने चारास थोडे कमी दिले, तर दुसऱ्याने बरोबर चार. आकडे येथवर घेऊन येतात आणि मग मुके होतात.

मिशिगन स्टेट आणि अलाबामा यांच्या काल्पनिक सामन्यापाशी तर लेखणी थबकली. वर्णभेदाचे ते दिवस. अलाबामाच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मिशिगन स्टेटच्या संघात मात्र दक्षिणेकडून आलेले असे कितीतरी तरुण होते, ज्यांना स्वतःच्या राज्यातील मोठ्या विद्यापीठांची मैदाने बंद होती. टेक्सासचा धिप्पाड बब्बा स्मिथ हा त्यांतलाच एक. हा सामना खरोखर झाला असता तर गुणफलकापेक्षा मोठे काही त्या मैदानावर घडले असते. तो झाला नाही. शेवटच्या चौकटीत मी नोटर डेमचे नाव लिहिले. आकड्यांचा आधार थोडा होता. बाकी मरियामातेच्या नावाची ओढ होती. भाकितात आपलेपणाचा वाटा किती असतो, हे असा कागद भरल्यावाचून कळत नाही.

झालेल्या वर्षाविषयी, न झालेल्या सामन्याचे असे भाकीत करणे निरुपद्रवी आहे. त्याने कोणाचे काही जात नाही. परंतु हेच भाकीत जिवंत माणसांच्या वाटेत आडवे घातले तर काय होते, हे २०२३ साली दिसले.

त्या मोसमात फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले. नोव्हेंबरच्या मध्यास त्यांचा प्रमुख खेळाडू जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्यानंतरही संघाने पुढचे दोन्ही सामने जिंकून आपल्या गटाचे विजेतेपद मिळविले. बाद फेरीत तेव्हा चारच जागा होत्या. ३ डिसेंबरला समितीने नावे जाहीर केली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा. शेवटचे दोघे एकेक सामना हरलेले होते. तेरा सामने जिंकलेला संघ मात्र बाहेर! कारण काय, तर प्रमुख खेळाडूवाचून हा संघ आता पूर्वीचा राहिला नाही. ट्रॅव्हिसने त्या दिवशी जे लिहिले ते वाचून मन गलबलते: आपला पाय आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे हा संघ एकट्या माझ्यावर उभा नाही हे लोकांना दिसले असते, अशा आशयाचे त्याचे शब्द होते.

समितीची बाजूही ऐकली पाहिजे. पाचवा कोणीतरी बाहेर राहणारच होता, आणि खेळाडूंच्या दुखापतींचा विचार करण्याची मुभा नियमांनीच दिली होती. पुढे महिनाअखेरीच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडविला, तेव्हा 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असे म्हणणारे पुष्कळ निघाले. पण त्या सामन्यात त्यांचे वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. ज्यांच्या तोंडावर दार लावले, त्यांचे मन खचले. आणि खचलेल्या मनाचा पराभव दार लावण्याच्या समर्थनार्थ पुरावा म्हणून वापरला गेला. माझ्या मते, त्या संघाने हरण्याचा हक्क कमावला होता. मैदानात उतरून हरणे आणि कागदावर हरविले जाणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

पुढच्याच वर्षी बारा संघ आले आणि जाणत्यांचे कसे झाले ते पाहा. पहिले चार मानांकित संघ होते ओरेगॉन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट. त्यांना पहिल्या फेरीतून सूट होती. चौघेही आपापला पहिलाच सामना हरले! आठव्या क्रमांकाचा ओहायो स्टेट, जो नोव्हेंबरात घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा हरला होता, तो शेवटपर्यंत पोचला. त्याच्यासमोर आला नोटर डेम. हा संघही सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉय या लहानशा संघाकडून स्वतःच्या घरी १६-१४ ने पराभूत झाला होता. २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे ओहायो स्टेटने ३४-२३ असा विजय मिळविला. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, आई कोरियन. स्वतः २०२२ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. अंतिम सामन्यापर्यंत संघ नेणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. १९६६ च्या त्या बरोबरीच्या दिवशी नोटर डेमच्या संघात ॲलन पेज हा एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता. पुढे असा दिवस येईल हे त्या वेळी कोणत्या कागदावर लिहिलेले होते?

याच ओघात एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पैजांवरील जुनी देशव्यापी बंदी रद्द केली, आणि तेव्हापासून अनेक राज्यांत अशा भाकितांवर उघड पैसा लागतो. पैज हरलेले लोक विद्यापीठातील कोवळ्या मुलांना शिव्याशाप, धमक्या पाठवितात. आपल्या देशात २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. तरी चोरवाटा बुजल्या असे समजून आईबापांनी निश्चिंत राहू नये. क्रिकेटच्या सामन्यावर मोबाइलमधून लावलेला पैसा गाईच्या दुधाचा किंवा काजूच्या हंगामाचा असतो. पवित्र सभा दैवाच्या खेळांना मुळातच पाप म्हणत नाही. परंतु जेथे घरच्यांच्या तोंडचा घास त्यात जातो, तेथे ते अन्यायाचे होते, ही तिची शिकवण स्पष्ट आहे.

पैशाची पैज लावणारे त्या मानाने थोडे. पण फ्लोरिडा स्टेटचा प्रकार मात्र आमच्या घराघरांतून चालतो, आणि मला खरी चिंता आहे ती त्याची. एक गृहस्थ मोठ्या मुलाच्या कॉलेजप्रवेशासाठी माझ्याकडे शिफारसपत्र मागावयास आले. धाकटी मुलगी दहावीत होती. तिचे काय, असे मी विचारताच म्हणाले, "तिचं काय खरं नाही बघा, फादर. दहावीला बसवून फी कशाला घालवायची?" मुलगी दाराशीच उभी होती. तिने मान खाली घातली. सहामाहीत ती गणितात नापास झाली होती, एवढ्यावरून हा निकाल लागला होता. तिच्या आईने हट्ट धरला, फॉर्म भरला गेला, मुलगी परीक्षेस बसली आणि साध्या दुसऱ्या वर्गात पास झाली. वर्तमानपत्रात फोटो यावा असे काही घडले नाही. ती नापास झाली असती, तरीही तिला बसू देणे योग्यच ठरले असते, असे मी मानतो.

आईबापांनी अंदाज बांधूच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या पदरी दोन एकर जमीन आणि चार मुले, त्याला हिशेब करावाच लागतो, आणि कधी मन घट्ट करून एकाला थांबवावेही लागते. पण गरज म्हणून थांबविणे निराळे, आणि 'तुझ्याने होणार नाही' असे सांगून थांबविणे निराळे. पहिल्याने मूल दुखावते, पण मोडत नाही. दुसरे शब्द ते जन्मभर मनात वागविते.

शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडण्यासाठी इशायच्या घरी गेला, ती कथा आपण मिस्साच्या वेळी अनेकदा ऐकली आहे. बापाने एकामागून एक सात मुलगे पुढे केले. थोरला उंच, देखणा. संदेष्ट्यालाही वाटले, हाच तो. देवाने त्याला समजावले की मनुष्य बाहेरचे रूप पाहतो, देव अंतःकरण पाहतो. मुलगे संपले, आणि शमुवेलाला विचारावे लागले, आणखी कोणी आहे काय? आठवा होता. तो रानात मेंढरे राखीत होता. त्याला बोलावून आणावे असे त्याच्या जन्मदात्यालाही सुचले नव्हते. दावीद राजा झाला हे सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र त्या कथेत शमुवेलाचा तो प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

वाचकहो, कागदावर विजेत्यांची नावे खुशाल लिहा. कोणाचेही त्याने बिघडत नाही. पण घरातल्या मुलांची नावे अशा कागदावर चढवू नका. परीक्षेचे फॉर्म भरण्याचे दिवस येतील, तेव्हा रात्रीची जपमाळ झाल्यावर कुटुंबप्रमुखाने एकदा सर्व मुलांकडे पाहावे, आणि त्या संदेष्ट्याप्रमाणे स्वतःलाच विचारावे की आणखी कोणी बाहेर राहिले आहे काय.