आदल्या दिवशीचा कारागीर

ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या झाकणातून शिशाचा पोल जिथून वर येतो, ती जागा एकदा नीट बघावी. झाकण पॉलिप्रॉपिलिनचं. साच्यात ते घडतानाच त्यात शिशाचा बुश बसवलेला असतो. प्लेटांच्या गटाचा पोल खालून त्या बुशात येतो आणि वरून ज्योत मारून दोघांना एकजीव करतात. शिसं शिशाला जुळलं, तिथला प्रश्न मिटला. बुश आणि झाकण यांचं मात्र तसं नाही. शिसं आणि हे प्लास्टिक एकमेकांना चिकटत नाहीत. थंड होताना प्लास्टिक आकसतं आणि बुशाला आवळून धरतं, एवढाच त्यांचा संबंध. तापलं की प्लास्टिक शिशाच्या तिपटीहून जास्त फुगतं, पकड ढिली होते, फट पडते. केसाहून बारीक असली तरी ॲसिडला तेवढी पुरते. मुखेडच्या बाजारात मे महिन्यात एखाद्या बॅटरीवाल्याकडे थोडा वेळ उभं राहावं. "पोलाला पांढरं धरतंय, मामा," म्हणत कुणीतरी येतंच. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून पोल धुतला जातो, ग्रीस लागतं, बॅटरी परत ट्रॅक्टरवर चढते.

मी मूळचा मुखेडचा, आणि पेटंटचे अर्ज लिहिणं हे माझं काम. अर्ज लिहिण्याआधी मत द्यावं लागतं. समोर आलेली रचना नवी आहे का, हा त्यातला सोपा भाग. जुनी पेटंटं, माहितीपत्रकं, पुस्तकं धुंडाळली की त्याचं उत्तर बहुधा मिळतं. अवघड प्रश्न पुढचा: रचना नवी असेलही, पण त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचली असती का? सुचली असती तर पेटंट नाही. आपल्या १९७० च्या कायद्यात कलम २(१)(जेए) मध्ये हे लिहिलेलं आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्यामुळे ती गोष्ट त्या विद्येत मुरलेल्या माणसाला उघड वाटता कामा नये. नुसत्या आर्थिक महत्त्वावर भागेल असं अनेकांना वाटतं. भागत नाही, शेवटची अट सुटत नाही.

पोलाच्या सीलबद्दल मत देणं मला सगळ्यात कठीण वाटतं. नवं रसायन असेल तर निदान ते अपरिचित दिसतं. सील डोळ्यासमोर आलं की कुणीही म्हणतं, यात काय मोठंसं? रबराची रिंग, एक खाच, एक ओठ. उत्तर पाहिल्यावर प्रश्न सोपा वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि या कामात तो स्वभाव बाजूला ठेवणं हेच खरं कौशल्य आहे. मला उभं राहायचं असतं ते अर्ज दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, त्या दिवशीच्या कारागिराच्या जागी. त्याच्यापुढे उत्तर नाही. गळणारी बॅटरी आहे, आणि त्या दिवसापर्यंत छापलेलं सगळं ज्ञान आहे. तो माणूस प्राध्यापक नाही, पण बावळटही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलच्या खटल्यात हेच बजावलं: जाणत्या कारागिराला सामान्य कल्पकता असते, तो यंत्रासारखा फक्त पुस्तकात लिहिलेलं करत नाही.

याच न्यायालयाचे १९६६ चे निकाल मला मुखेडच्या माणसाला समजावून सांगायला फार उपयोगी पडतात. २१ फेब्रुवारी १९६६ या एकाच दिवशी तीन वस्तूंबद्दल निकाल लागले: नांगर, फवारणीचा पंप आणि बॅटरी. आमच्या तालुक्यात शेतकऱ्याच्या आखाड्यावर या तिन्ही वस्तू एका छपराखाली सापडतील.

नांगर ग्रॅहम नावाच्या संशोधकाचा होता. उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या दगडगोट्यांच्या जमिनीत नांगराचा दांडा दगडाला अडून मोडू नये म्हणून त्यानं दांडा पकडणाऱ्या क्लॅम्पमध्ये बदल केला. दांडा पट्टीच्या वर होता तो खाली घेतला. बालाघाटाच्या मुरमाड रानात नांगर धरलेल्या कुणालाही त्याची अडचण कळेल. न्यायालय म्हणालं, जुन्या क्लॅम्पचे भाग पाहणाऱ्या जाणत्याला ही उलटापालट सुचलीच असती. पेटंट गेलं.

दुसरं प्रकरण माझ्या विषयाच्या अगदी जवळचं. कीटकनाशकाच्या बाटलीवर बोटानं दाबायचा प्लास्टिकचा फवारा बसवलेला असे, आणि वाहतुकीत औषध गळे. स्कॉगिन नावाच्या माणसानं फवारा दाबून धरणारं टोपण केलं आणि सीलची जागा बदलली. कड आणि तिला बसणारा पृष्ठभाग अशा रीतीनं आणले की बाटली आडवी पडली तरी गळणार नाही. माल प्रचंड खपला. इतरांनी वर्षानुवर्षं प्रयत्न करून हात टेकले होते, हाही युक्तिवाद झाला. तरी पेटंट टिकलं नाही, कारण तशाच प्रकारचं सील द्रव ओतायच्या तोटीच्या एका जुन्या पेटंटात होतं. तोटी म्हणजे फवारा नव्हे, हे म्हणणं न्यायालयानं मानलं नाही. प्रश्न फवाऱ्याचा नव्हताच, तो झाकण घट्ट बसवण्याचा होता. आणि झाकणाची अडचण असलेला माणूस शेजारच्या धंद्यातली झाकणं बघणारच. "आमच्या बॅटरीत हे कुणी केलेलं नाही" असं कुणी मला सांगितलं की मी हा निकाल काढतो.

बॅटरी ॲडम्सची. एका बाजूला मॅग्नेशियम, दुसरीकडे क्युप्रस क्लोराइड, आणि वापरताना ओतायचं साधं पाणी. दोन्ही पदार्थ बॅटरीवाल्यांना ठाऊक होते, म्हणून वरवर पाहता हे प्रकरण नांगरापेक्षाही हलकं. पण त्या काळचं ज्ञान उलट दिशेला बोट दाखवत होतं. अशी बॅटरी एकदा भिजली की बंद करता येत नाही, तापत राहते, म्हणून कामाची नाही असा समज होता. लष्कराच्या तज्ज्ञांनी आधी तिच्यावर विश्वासच ठेवला नाही, नंतर तीच वापरली. १९४३ चं ते पेटंट न्यायालयानं राखलं. जाणत्या लोकांनी ज्या वाटेनं जाऊ नका म्हटलं, त्या वाटेनं जाऊन कुणी पोचला, तर ती वाट उघड होती असं मागाहून म्हणता येत नाही.

आपल्याकडचा आधारस्तंभ म्हणजे १९७८ चा विश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तिथं वस्तू होती भांडी लेथवर चरकताना घट्ट धरून ठेवण्याची जोडणी. न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलं की सुधारणा वर्कशॉपमध्ये रोज होते त्याहून काही अधिक असली पाहिजे. कलम ३(एफ) त्याला जोडून वाचावं: ठाऊक असलेल्या साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा संख्या वाढवणं, ज्यात प्रत्येक जण आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करतो, ते संशोधन धरलं जात नाही.

आता पुन्हा बुशाकडे. बुशाच्या अंगावर गोल कड्या काढायची रीत जुनी आहे. त्यामागचं कारण सुंदर आहे, आणि ते कळल्याशिवाय मत देता येत नाही. गार असताना प्लास्टिक आकसून शिशाच्या अंगाला आवळतं. तापल्यावर ते अंगापासून बाहेर सरतं, पण दोन कड्यांमधल्या गाळ्यात अडकलेलं प्लास्टिक उभ्या दिशेनंही फुगतं आणि गाळ्याच्या वरच्या-खालच्या भिंतींवर दाबतं. गारव्यात एक पृष्ठभाग सील धरतो, उन्हात दुसरा. शिवाय ॲसिडची वाट वळणावळणाची होते. एखाद्यानं तीन कड्यांच्या जागी पाच केल्या तर मी अर्ज करू नका असंच सांगेन. ते ३(एफ)चं सरळ उदाहरण.

पण समजा, कारखानदारानं कडीची धार मधोमध दुभंगली. एक ओठ वर वळवला, एक खाली. प्लास्टिक ओठांच्या मागे जाऊन बसलं. आता तापून ते बाहेर सरायला निघालं की ओठाच्या आतल्या अंगावर जाऊन दाबतं. म्हणजे जी हालचाल फट पाडत होती तीच सील घट्ट करते. हे उघड आहे का?

विरोधक काय पुढे करील ते आधी मीच शोधतो. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि पेटंट मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. तो नळाच्या फिटिंगवर बोट ठेवील. प्लास्टिकच्या एल्बोमध्ये पितळेचा आट्यांचा तुकडा रोवलेला असतो, त्याच्या अंगावर खाचा असतात, पाणी झिरपू नये हाच हेतू. फवाऱ्याच्या निकालानंतर "ते प्लंबिंग आहे" म्हणून मला सुटता येणार नाही. धातू प्लास्टिकमध्ये घट्ट बसवणं ही दोघांची एकच अडचण आहे, आणि बुश करणारा तिकडे बघणारच. तिथं मागे वळलेले ओठ सापडले, तर प्रकरण निम्मं हातचं गेलं.

उरलेलं निम्मं डायमध्ये आहे. बुश दोन भागांच्या डायमध्ये ओतला तर सरळ कडी निर्वेध सुटते, डाय बाजूला सरकते आणि बुश हातात. वळलेला ओठ डायला आतून धरून ठेवतो, डाय उघडत नाही. म्हणून बुश ओतणारा जाणता माणूस ओठाचा विचार मनात आला तरी तो सोडून देईल. पितळेचा तुकडा लेथवर कातता येतो, त्याला ही अडचण नाही. बुश ओतणारा हे करू शकला असता का, एवढं विचारून भागत नाही. त्याच्या हातातलं काम आणि त्याच्यापुढचं ज्ञान पाहता तो याकडे वळला असता का, असं विचारावं लागतं. युरोपच्या पेटंट कार्यालयात या दोन प्रश्नांमधला फरक फार काटेकोरपणे पाळतात, आणि माझ्या मते न्याय त्यातच आहे. नाहीतर कागदावर दोन जुनी चित्रं शेजारी ठेवून जगातलं कुठलंही सील उघड ठरवता येईल.

म्हणून मी कारखानदाराला विचारतो: ओठ वळवलेत कसे? आधी सरळ कडी ओतून मग रोलर दाबून धार फाकवली असेल, तर शिसं किती मऊ लागतं, धार चिरते का, मिश्रणात अँटिमनी किती होतं, बिघडलेले बुश ठेवलेत का? तापवून-गारवून दाबाच्या हवेखाली चाचणी केली असेल तर सरळ कडी आणि ओठाची कडी यांचे आकडे शेजारी शेजारी आहेत का? तारखा घातलेली वही इथं वकिलाच्या भाषणापेक्षा मोलाची ठरते. आणि एक सूचना मी प्रत्येकाला करतो: अर्ज दाखल होईपर्यंत वस्तू माळेगावच्या यात्रेतल्या प्रदर्शनात मांडू नका, डीलरला नमुना देऊ नका. स्वतःच लोकांपुढे आणलेली रचना नंतर आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहू शकते.

अशा बुशावर मी मत देईन ते असं. "ओठ असलेली कडी" एवढा मोकळा दावा लिहू नये. पितळेच्या तुकड्यापुढे तो पडेल. दावा ओतलेल्या शिशाच्या बुशाचा लिहावा, ज्यात कडीची धार ओतीवकामानंतर दाबून दोन्ही बाजूंना फाकवलेली आहे आणि तापलेलं झाकण त्या ओठांच्या आतल्या अंगावर दाबलं जातं. पद्धतीचा दावा वेगळा जोडावा. डायमधून ओठ सुटत नाही ही अडचण वर्णनात स्पष्ट लिहावी, आणि सरळ कडीच्या बुशाचे आकडे तक्त्यात द्यावेत. एवढं असेल तर मी अर्ज दाखल करीन. तपासणी अहवालात उघडपणाची हरकत येईलच. उत्तराला सहा महिने असतात, आणि तेवढ्यात वहीतली पानं पुरेशी बोलतात.