उन्हाचे दोन काठ

मुंबईचे गव्हर्नर एप्रिल-मे महाबळेश्वरला काढायचे आणि पावसाने जोर धरला की गणेशखिंडीतल्या आपल्या निवासस्थानी मुक्कामाला यायचे. आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण जी ओळखतो तीच ही वास्तू. साहेबाला पुणं हवं असायचं ते पावसाळ्यातलं, हिरवं, भुरभुर सरींचं. उन्हाळ्यातलं पुणं त्याने पुणेकरांना सोडून दिलं. मला नेहमी वाटतं, या वाटणीत आपल्या पदरात मोठं दान पडलं.

कारण पुण्याच्या उन्हाला दोन काठ आहेत. मधलं सगळं भाजून काढणारं, यात वाद नाही. एप्रिल संपत आला की पारा चाळिशीला टेकतो, लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेववत नाही, गाडीच्या सीटवर ओला रुमाल टाकल्याशिवाय बसता येत नाही. पण शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा कोरडी, आणि सूर्य कलला की सह्याद्रीकडून वारा सुटतो. रात्र चढेल तशा भिंती निवत जातात. पहाटे तर पायथ्याची चादर चाचपडत वर ओढावी लागते. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासून शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला लोक सिमला ऑफिस म्हणतात. बसचा कंडक्टर भर दुपारी घामाघूम होऊन 'सिमला ऑफिस, सिमला ऑफिस' असा पुकारा करतो, तेव्हा त्या थंड नावाचं मला फार अप्रूप वाटतं.

तर, हे दोन काठ. आमची मैत्री या काठांवर वाढली.

आम्ही कॉलेजपासूनचे सहाजण. एक बँकेत, एकजण हिंजवडीला संगणकापुढे, एकीचं सदाशिव पेठेत औषधांचं दुकान, एकजण शाळेत गणित शिकवतो. सगळ्यांचे दिवस एकमेकांच्या आड येणारे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आम्ही भेटतो ते कुणाचं लग्न, कुणाची मुंज असं निमित्त धरून. उन्हाळ्यात निमित्त लागत नाही. होळी झाली, हवा बदलली की कुणीतरी नुसतं 'टेकडी?' एवढंच विचारतं आणि पुढचे तीन महिने मार्गी लागतात.

टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. शहरातला सगळ्यांत उंच माथा. कुणी लॉ कॉलेजच्या बाजूने चढतं, कुणी पंचवटीकडून, कुणी कोथरूडहून. वेताळबाबाच्या देवळापाशी गाठ पडते. फेब्रुवारीत तिथल्या गिरिपुष्पाला फिक्या गुलाबी तुऱ्यांचा बहर येतो, त्याचं सगळे फोटो काढतात. मला मात्र टेकडी आवडते ती एप्रिलमधली, जेव्हा तिच्यावर दाखवण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. गवत वाळून सोनेरी पडलेलं असतं. मोईची झाडं पार निष्पर्ण. जुन्या दगडखाणीतलं पाणी आटत आटत तळाशी गेलेलं, आणि त्या पाण्यावर उतरणारे मोर लांबूनही दिसतात, कारण आडोशाला पानच नाही. कुठेतरी तांबट आपलं टुक-टुक-टुक एका लयीत लावून बसलेला असतो. पायाखालचा मुरूम करकरतो. सगळं उघडं, सगळं स्पष्ट. माणसंसुद्धा अशा ठिकाणी उघड होतात.

आमच्यातल्या एकीचे वडील मार्चमध्ये गेले, त्या वर्षीचं सांगते. घरी भेटायला गेलो तेव्हा ती चहा करत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती, सगळं रीतसर. तेरावं झाल्यावर ती टेकडीवर येऊ लागली. रोज यायची, चालायची, बोलायची काही नाही. आम्ही आपले आंब्याच्या पेटीचे भाव, मुलांचे निकाल, चांदणी चौकातली वाहतूक, असलं बोलत पुढे-मागे चालायचो. एक दिवस खाणीच्या कडेला बसलो असताना ती म्हणाली, "बाबांना इथून पर्वती दाखवायची होती रे. त्यांना वाटायचं इथून दिसत नाही." गणितवाला मित्र उठला, तिला हाताने धरून थोडं वरच्या बाजूला घेऊन गेला आणि बोट करून म्हणाला, "ती बघ." धुरकट उजेडात पर्वतीचं शिखर दिसत होतं. मग ती रडली. बराच वेळ रडली. आम्ही थांबलो. त्या दिवशी सगळ्यांना ऑफिसला उशीर झाला.

हे दिवाणखान्यात झालं नसतं. आपली घरं लहान, त्यात सासू-सासरे, मुलांचे अभ्यास, टीव्ही. हॉटेलात बसावं तर बिल येऊन पडतं आणि मागे माणसं जागेसाठी उभी असतात. तिकीट नसलेली, वेळेची मर्यादा नसलेली, बसून राहिलं तरी कुणी 'आणखी काय आणू?' विचारणार नाही अशी जागा शहरात हवी. पुण्याला ती टेकड्यांनी दिली. म्हणून या टेकडीतून रस्ता आणि बोगदे न्यायचं घाटू लागलं तेव्हा एप्रिल 2023 मध्ये पुणेकर उन्हाची पर्वा न करता मोर्च्याला उतरले. आम्हीही गेलो होतो. पाणथळ, पक्षी, भूजल ही कारणं फलकांवर होती आणि ती सगळी खरी आहेत. माझ्या मनात आणखी एक होतं. आमच्या मैत्रिणीला जिथे रडता आलं ती जागा मला हवी आहे. रस्ता दुसरीकडून काढता येतो.

रविवारी सिंहगड. हे पुण्यात सांगावं लागत नाही, पण माझा आग्रह पन्नास नंबरच्या बसचा असतो. शनिवारवाड्यावरून निघालेल्या पहाटेच्या गाडीत ताकाच्या चरव्या असतात, भाजीच्या जुड्या असतात, काठ्या घेतलेले सत्तरीतले आजोबा असतात. आतकरवाडीहून पायवाट धरायची. उजाडायच्या आत निम्मा चढ मागे पडला पाहिजे, कारण सात वाजता पाठीवर ऊन येतं आणि मग प्रत्येक वळणावर सरबत दिसू लागतं. वाटेवर घेऱ्यातल्या वाड्यांमधल्या बायका बसलेल्या असतात. मे महिन्यात त्यांच्यापुढे करवंदं. पानांच्या द्रोणात, वर थोडं मीठ. चीक ओठांना चिकटतो, बिया थुंकायला आजूबाजूला जागा बघावी लागते, आणि एखादं हिरवट लागलं की दात आंबतात. अगदी काळं करवंद फोडलं की आत कधी लाल, कधी पांढरं. लहानपणी आम्ही 'कोंबडा की कोंबडी' म्हणत यावर पैजा लावायचो. अजूनही लावतो, आणि हरणारा दह्याचे पैसे देतो.

गडावरचं दही मातीच्या सुगडात विरजलेलं असतं. सुगड पाण्यातून काढल्यासारखं गार लागतं, कारण माती पाणी पीत राहते आणि बाहेरून सुकत राहते. वरची साय चमच्याने मोडवत नाही, बोटाने काढावी लागते. पिठलं-भाकरी, ठेचा, खेकडा भजी हे सगळं ठीक, पण उन्हाळ्यात ते जड होतं. दही, वर साखर घालायची की मीठ यावर दरवेळी आमच्यात दोन तट पडतात आणि दरवेळी ते तसेच राहतात.

तानाजी मालुसऱ्यांची समाधी बघून, 1670 सालची ती माघातली रात्र आठवून, आम्ही खडकवासल्याच्या बाजूच्या तटावर येऊन बसतो. इथून धरण दिसतं. मे महिन्यात पाण्याच्या कडेने मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो, आणि तो पट्टा बघितला की एरवी हसत-खिदळत असलेली आमची टोळी गप्प होते. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला, चारही मिळून सुमारे 29 टीएमसीची साठवण. पुण्यात शाळकरी पोरालाही टीएमसी कळतं. पेपरात रोज छापलेला आकडा आम्ही असा डोळ्यांनी वाचतो. हिंजवडीवाल्याच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर सुरू असतात. त्याला त्या मातीच्या पट्ट्याची रुंदी आमच्यापेक्षा नीट कळते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तळ्यातून जमिनीखालून शहरात पाणी आणलं, हौदाहौदांत खेळवलं, उतारावर आपोआप वाहील असं. त्या हौदांची नावं पेठांमध्ये अजून पत्ते सांगायला उपयोगी पडतात. पाणी मात्र आता टँकरवाल्याला फोन करून येतं.

दुपारी बारा ते चार या काळाबद्दल थोडक्यात सांगते. माठ, वाळा, पन्हं, जमिनीवर पाठ टेकणं. दुकानं दुपारी बंद ठेवण्यावरून पुण्याची इतकी चेष्टा झाली की पुणेकरही तीत सामील झाले. मी झालेले नाही. पहाटे उठून दूध आणि पाव विकणाऱ्या माणसाने भर उन्हात शटर ओढून दोन घास खाऊन पडावं यात शहाणपण आहे, आणि उष्म्याच्या लाटा वाढत चाललेल्या या दिवसांत ते शहाणपण आपण पुन्हा शिकायला हवं. रस्त्यावर डबे पोचवत फिरणाऱ्या मुलांना ती सोय नाही. आमच्या औषधवाल्या मैत्रिणीने दुकानाबाहेर माठ आणि बाकडं ठेवलंय. दुपारी तिथे पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली दोन-तीन मुलं तरी बसलेली असतात.

सहा वाजले की दुसरा काठ.

आधी रसवंती. पुण्यातल्या कितीतरी रसवंत्यांवर कानिफनाथ किंवा नवनाथ हे नाव असतं, कारण हा धंदा करणारी पुष्कळ घरं पुरंदर तालुक्यातल्या बोपगावची, आणि बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं आहे. चरकाला घुंगरू बांधलेले असतात. आमचा रसवाला ऊस एकदा लांब घालतो, मग चोथा दुमडून त्यात लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा धरून पुन्हा घालतो, तिसऱ्यांदा मुरगाळून. तिसऱ्या वेळी घुंगरांचा आवाज जड होतो आणि रस थेंबाथेंबाने येतो. पण खरा गंध त्याच थेंबांना. बर्फ कमी सांगायचा. पहिला घोट घेईपर्यंत कुणी बोलत नाही.

तिथून चालत टिळक स्मारक मंदिर. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून दर उन्हाळ्यात भरते, याचा मला मनापासून अभिमान आहे. परीक्षा संपल्यात, शाळांना सुट्टी आहे, दिवसभराच्या उकाड्याने जीव नकोसा झालाय. अशा वेळी माणसांना संध्याकाळच्या गारव्यात एकत्र बोलावून शेती, अर्थकारण, नाटक, आरोग्य, कशाकशावर ऐकवावं, ही कल्पना करणारा माणूस या शहराचा स्वभाव ओळखून होता. आम्ही विषय बघून जात नाही. परवा मधमाश्यांवर होतं. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी प्रश्न विचारायला हात वर केला आणि स्वतःच्या गच्चीवरच्या पोळ्याची हकिगत सांगितली. वक्त्याने ती सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि वहीत काहीतरी टिपूनही घेतलं.

बाहेर पडलो तेव्हा वारा उलटला होता. पश्चिमेचा नेहमीचा वारा पडून पूर्वेकडून धुळीचा लोट आला, झाडांनी आवाज धरला आणि वळवाचे टपोरे थेंब सुरू झाले. आम्ही एका बंद दुकानाच्या वळचणीला दाटीवाटीने उभे राहिलो. पाऊण तासात रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल. मस्तानी खायचं ठरलं होतं ते गारठ्यामुळे बारगळलं, चहा झाला.

"उद्या गुरुवार," बँकवाली म्हणाली. "पाणी बंद आहे. भरून ठेवलंस का?"

"भरलंय. पावणेसहा ना?"

"साडेपाच. पाऊस झालाय, खाणीत पाणी आलं असेल. मोर लवकर येतील."