जुन्या चेतकचे दुखणे

जुने घर घ्यावे, जुने ग्रंथ घ्यावेत, फार तर जुनी बैलजोडीही घ्यावी. पण जुनी स्कूटर घेऊ नये, असे आमच्या तळेगावातील जाणत्या मंडळींचे मत आहे. हे मत त्यांनी मला स्कूटर दारात उभी राहिल्यावर ऐकवले. आधी विचारले तेव्हा याच मंडळींनी "घ्या गुरुजी, सोनं आहे सोनं!" असा निर्वाळा दिला होता.

स्कूटर म्हणजे बजाजची चेतक. हल्लीच्या मुलांना चेतक म्हटले की २०१९ साली लोकांपुढे आलेली विजेवरची गाडी आठवते. माझी गाडी म्हणजे तिची आजी. पेट्रोलवरची चेतक १९७२ साली बाजारात आली. तिचे मूळ घराणे मात्र इटलीचे. तेथे १९४६ साली पिआज्जिओ कारखान्याने व्हेस्पा काढली. तिचा आराखडा करणारे द'आस्कानिओ हे विमानविद्येतले इंजिनियर. मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. म्हणून त्यांनी साखळी काढून टाकली आणि इंजिन मागल्या चाकापाशी पत्र्याखाली झाकून टाकले. कपड्यांना तेल लागायचे थांबले, ही सोय झाली. पण दुखणे कुठे आहे ते वरून दिसेनासे झाले!

ही गाडी मी माझ्या हौसेसाठी घेतली नव्हती. आमची सौभाग्यवती अंगणवाडी सेविका आहे. तिची अंगणवाडी महामार्ग सोडून बरीच आत, एका वस्तीवर आहे. वाटेत संत्र्यांच्या बागा, एक नाला आणि मग लांबवर एकही घर नाही. रोजची ती पायपीट तिच्या गुडघ्यांना झेपेनाशी झाली, तेव्हा दोघांच्या शिलकीतून ही गाडी आली. मला ती बंद पडली तर मी ढकलत आणीन. पण संध्याकाळी त्या नाल्यापाशी ती एकटी उभी राहिली तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता.

गाडी पाच वर्षे एका गोठ्यात उभी होती. त्यामुळे पहिली दुखणी अपेक्षितच होती. कितीही किका मारल्या तरी ती सुरू होईना. टाकीत उरलेले पेट्रोल कुजून त्याचा चिकटा झाला होता आणि कार्बुरेटरमधल्या जेटचे केसाएवढे भोक त्याने बुजवले होते. टाकी धुतली, जेट साफ केला. पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन तडकली होती, तीही बदलली. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतले पाणीही ओढून घेते. पुढे गाडी सुरू झाली, पण सत्याग्रही घाटाचा चढ म्हटला की दम टाकी. ही टू-स्ट्रोक जात. तिच्या पेट्रोलातच ऑइल मिसळावे लागते, लिटरला वीस मिलिलिटर. ज्याला प्रेम जास्त तो जास्त ओततो, आणि जळक्या ऑइलची काजळी सायलेन्सरमध्ये साचते. गावच्या मिस्त्रीने सायलेन्सर काढून आगीत भाजला, ठोकून काजळी झाडली. गाडी मोकळेपणाने चढू लागली.

खरे दुखणे यानंतर सुरू झाले. गाडी झकास चाले आणि एकाएकी, दिवा विझावा तशी, बंद पडे. राणा प्रतापांच्या चेतकने जखमी पायाने नाला ओलांडला अशी कथा आहे. आमचा चेतक धडधाकट पायांनी नाल्याच्या अलीकडेच थांबे. दहा मिनिटे विसावा दिला की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू!

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणाले, "गुरुजी, पलग बदला." कोणी इंजिन उघडायला सांगितले. एकाने तर चाकाखाली लिंबू ठेवायचा उपाय सुचवला. बहुतेकांचे मत मात्र एकच, "चालून राह्यली ना? मंग कायची काळजी?"

मिस्त्री मात्र शहाणा निघाला. तो म्हणाला, "इंजिनला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. बंद पडली की लगेच प्लग काढून पाहा. ओला असेल तर ठिणगीचा दोष, कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही." तसे पाहिले. प्लग कोरडा. टाकीत पेट्रोल, नळी नवी, जेट साफ. आणि तरीही प्लग कोरडा! मिस्त्रीने डोके खाजवले.

"जाऊ द्या," मी सौभाग्यवतीला म्हणालो, "दहा मिनिटांनी होतेच ना सुरू?"

"आपोआप गेलेला ताप आपोआप परत येतो," ती म्हणाली. "कशानं येतो ते कळल्याशिवाय मी नाही नेणार."

तिला मुलांची वजने दरमहा वहीत मांडायची सवय. तिने स्कूटरचीही वही केली. किती पेट्रोल होते, किती चालली, कुठे थांबली. पंधरा दिवसांनी तिने ती वही माझ्यापुढे ठेवली.

"अहो, हे पाहिलं का? टाकी भरली त्या दिवशी गाडी सर्वांत लवकर थांबते. अर्धी असली की लांब जाते."

मला नवल वाटले. भरल्या पोटी उपाशी राहण्याचा हा कुठला प्रकार? ती काही न बोलता आत गेली आणि गोडेतेलाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्याच्या झाकणाला तिने नेहमीप्रमाणे समोरासमोर दोन भोके पाडली होती. एकावर बोट ठेवून तिने डबा कलता केला. धार क्षणभर आली, गुचकळली आणि थांबली. बोट काढताच पुन्हा वाहू लागली.

"आत वारा गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. तुमच्या टाकीला वारा कुठून मिळतो?"

दुसऱ्या दिवशी टाकी भरली आणि नाल्यापाशी गाडी थांबताच सीट उचलून टोपण सैल केले. 'फुस्स' असा आवाज झाला. पहिल्याच किकेला इंजिन बोलले! टोपणातले बारीक भोक गोठ्यातल्या धुळीने आणि जुन्या चिकट्याने बुजले होते. पेट्रोल खाली उतरे, त्याची जागा घ्यायला हवा येत नसे आणि आतल्या ओढीने पेट्रोल अडून बसे. टाकी भरलेली असली की आत हवाच थोडी, म्हणून अडणे लवकर होई. दहा मिनिटांत कुठूनतरी थोडी हवा झिरपे आणि गाडी 'बरी' होई.

औषध होते शिवणाची एक सुई.

दुखणे थांबणे निराळे आणि दुखणे कळणे निराळे. थांबलेल्या दुखण्यावर माणूस फार तर एक दिवस काढील. कळलेल्या दुखण्यावर तो आपल्या माणसाला निर्धास्तपणे दूर धाडू शकतो.

आता संत्र्यांचा आंबिया बहर उतरू लागला आहे आणि सौभाग्यवती रोज त्या बागांतून आपली आपण जाते-येते. भरली टाकी असली तरी दिवेलागणीच्या आत फटफट ऐकू येते. ती सुई मात्र घरात परत आली नाही. कागदात गुंडाळून तिने ती स्कूटरच्या डिकीत ठेवली आहे. शिवणासाठी मला बाजारातून नवी आणावी लागली.