काळा लेप

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्या गृहस्थाने मोटारीखाली उताणे पडून राहावे हे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांस मोठे करमणुकीचे वाटले असते. सुदैवाने सुट्टी होती. गेल्या उन्हाळ्यातील एक सबंध सकाळ आम्ही रत्नागिरीतील एका मिस्त्रींच्या कारखान्यात त्याच आसनात काढली आणि विजेरीच्या उजेडात आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचे पोट पाहिले. या गाडीत आम्ही पस्तीसांहून अधिक वर्षे बसत आलो. तिच्या खाली मात्र त्या दिवशीच प्रथम गेलो.

वडिलांनी ती १९८६ साली घेतली. इटलीतल्या फियाट ११०० या गाडीचा हा कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेला अवतार. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, आणि मागची बैठक दिवाणखान्यातल्या कोचासारखी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला शेवटचा रामराम ऑक्टोबर २०२३ मध्ये केला. आमच्या घरी ती टिकली याचे श्रेय आम्ही मनातल्या मनात स्वतःकडे घेत होतो. ते श्रेय मिस्त्रींनी एका पेचकसाने काढून घेतले.

या गाडीला ट्रकासारखी वेगळी लोखंडी चौकट नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. मागचा आंस दोन कमानपाट्यांवर तोललेला असतो. पाट्याचे पुढचे टोक शरीराला बोल्टाने अडकविलेले आणि मागचे टोक एका झुलत्या कडीला. चाके गाडीला पुढे ढकलतात ती या पुढच्या बैठकीच्या आधाराने, आणि ब्रेक दाबला की धक्का बसतो तोही तिथेच. म्हणून त्या जागी पत्र्यावर पत्रा जोडून पेटीसारखी बळकटी दिलेली असते. पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरले की ते सहजी बाहेर येत नाही, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर ते ओलेपण वाळतच नाही. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो पत्र्यांना आतून फाकवितो आणि पुढच्या पाण्याला वाट करून देतो. जिथे सर्वांत अधिक बळ द्यावे, तिथेच हा रोग घर करतो.

मिस्त्रींनी हातोडीने ठोकीत ठोकीत आवाज ऐकला. ‘ठण्, ठण्’ करीत ते पाट्याच्या डाव्या बैठकीशी आले, तो आवाज एकाएकी भदभदीत झाला. त्यांनी पेचकस टेकविला. तो मुठीपर्यंत आत गेला! वरून काळाभोर, गुळगुळीत लेप. आत नुसता तांबडा भुगा. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच.

“सर, ही गाडी घाटात नेली होती का?” त्यांनी विचारले.

दिवाळीत नेली होती. कोल्हापूरहून परतताना आंबा घाट उतरलो तेव्हा आमच्या ब्यायशी वर्षांच्या मातुश्री मागे डाव्या बाजूस, नेमक्या त्या बैठकीच्या वर, आणि त्यांच्या शेजारी आमची कन्या. प्रत्येक वळणावर मागून ‘खट्’ असा आवाज येत होता. कन्येने तो दोनदा बोलून दाखविला. “म्हाताऱ्या माणसासारखी जुनी गाडीही मध्ये मध्ये बोलते,” असा विनोद आम्ही केला होता, आणि तो आम्हांस फार आवडलाही होता. मोटारीखाली पडल्या पडल्या तो आठवला तेव्हा हातातली विजेरी स्थिर राहिना.

याहून मोठी नामुष्की पुढे होती. तो काळा लेप आमचा होता. वडील असताना दर वैशाखात ते इंजिनातले जळके तेल ब्रशाने गाडीच्या पोटाला फासवीत. आठ दिवस अंगणात डाग आणि घरभर वास. त्यावर आम्ही शहाण्यासारखे पुष्कळ बोलत असू. ते गेल्यावर आम्ही ही रीत बंद करून डांबरी लेप देवविला. तो कोरडा, स्वच्छ, सुशिक्षित दिसे. पण लेप सुकला, त्याला बारीक भेगा पडल्या आणि आत गेलेले पाणी त्याच्याआड सुखाने राहिले. ते घाणेरडे तेल मात्र फटीफटींत झिरपत असे. आता जळक्या तेलाने रबर नासते आणि अंगणातली मातीही, तेव्हा ती रीत कोणी उचलावी असे आमचे म्हणणे नाही. पण वडिलांशी घातलेला तो वाद आम्ही हरलो, एवढे खरे.

“वरून पट्टी मारून संध्याकाळी गाडी देतो,” मिस्त्री म्हणाले, “पण गंजावर वेल्डिंग धरत नाही. मग माझं नाव सांगू नका.” दुसरा मार्ग पंधरा दिवसांचा होता. आम्ही तो पत्करला.

ते काम पाहण्यास आम्ही रोज जात होतो. बॅटरी व पेट्रोलची टाकी आधी उतरविली. कापण्यापूर्वी बैठकीपासून शाबूत असलेल्या ठिकाणांपर्यंतची अंतरे सरळ आणि तिरपी मोजून भिंतीवर खडूने लिहिली. बैठक थोडी सरकली तरी आंस तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. मग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापीत गेले. हाताएवढे वाटलेले भोक परातीएवढे झाले. पुठ्ठ्याचे नमुने कापून त्यांवरून जाड पत्रा वळविला, एकमेकांवर बसणाऱ्या बाजूंना जस्ताचा रंग दिला, आणि उष्णतेने पत्रा वाकू नये म्हणून इकडे एक टाका, तिकडे एक टाका, असे सांधले. सांधे भरून झाल्यावर पेटीच्या पोकळीत पातळ मेण फवारले आणि पाणी निथळण्याची छिद्रे काडीने मोकळी केली. ती छिद्रे आमच्या लेपाने बुजली होती हे त्यांनी तोंडाने सांगितले नाही, नुसते बोटाने दाखविले.

शेवटचा बोल्ट आवळण्याआधी गाडी चाकांवर उभी केली. अधांतरी आवळला तर आतले रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मागे थोडे ओझे हवे होते. मातुश्री आमच्याबरोबर आल्याच होत्या. त्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. मिस्त्री खाली पाना फिरवीत असता त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले.

“अरे, खालून तेल दिलंत का?”

“मेण दिलंय, आई. तेलापेक्षा चांगलं.”

“ह्यांनी तेलच दिलं असतं,” असे म्हणून त्यांनी काच वर केली.