खासदार व्हायचं म्हणणाऱ्या भाचीस



पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर तू धावतेस, हे ताईकडून कळतं तेव्हा फार बरं वाटतं. परवा फोनवर म्हणालीस, "मामा, आधी देशासाठी पदक आणीन, मग परभणीची खासदार होईन." मला ते मनापासून आवडलं. म्हणूनच तुला क्रिकेटच्या मैदानातून राजकारणात गेलेल्या बाळू पालवणकरांविषयी लिहितोय.

१८७६ साली धारवाडला चांभाराच्या घरात त्यांचा जन्म झाला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते रोलर फिरवायचे, जाळी बांधायचे आणि साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. त्यांची डावखुरी फिरकी तिथेच घोटली गेली. साहेबांना हरवायचं म्हणून पुण्यातल्या हिंदूंनी त्यांना संघात घेतलं. त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. हे लिहिताना आजही मला संताप येतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९२० मध्ये त्यांच्या धाकट्या भावांनी संघातून माघार घेतली आणि अन्याय जाहीरपणे मांडला. त्यानंतर, १९२३ मध्ये, त्यांच्यापैकी विठ्ठल कर्णधार झाले. माझ्या मते पालवणकरांचं राजकारण त्या माघारीतच सुरू झालं होतं.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत प्रांतिक निवडणुकीला उभं केलं आणि समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! तरुणपणी बाबासाहेबांना या गोलंदाजाचं मोठं कौतुक होतं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. अकरा हजार मतं थोडी नव्हेत. पण दहा वर्षांपूर्वी महाडला सत्याग्रहासाठी माणसं उभी करणाऱ्या नेत्यासमोर मैदानातली कीर्ती कमी पडली, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

आता आपल्या काळातले खेळाडू बघ. सचिन तेंडुलकर २०१२ मध्ये राज्यसभेवर गेले, धावपटू पी. टी. उषा २०२२ मध्ये. दोघंही राष्ट्रपतिनियुक्त. सचिननी आपल्या मराठवाड्यातलं, धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा गाव दत्तक घेतलं, हे चांगलं काम. पण डिसेंबर २०१७ मध्ये खेळण्याच्या हक्कावर बोलायला ते उभे राहिले, तेव्हा सभागृहातल्या गोंधळात त्यांना बोलताच आलं नाही. साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेल्या माणसाची ही गत.

तुला तर निवडून जायचंय. परभणी मतदारसंघ म्हणजे जिंतूर, पाथरी, गंगाखेड, शिवाय जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगीही. तिथल्या बाया तुला विहिरीच्या पाण्याबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल विचारतील. पदकाचं कौतुक करून झालं की लगेच विचारतील.

तेव्हा पदकासाठी थांबू नकोस. तुझ्याबरोबर धावणाऱ्या ज्या मुलींनी सराव सोडला, त्यांच्या घरी या सुट्टीत जा. का सोडला, ते त्यांच्या आयांकडून ऐक, वहीत उतरव आणि मला पाठव.

तुझा,
मामा