एकोणचाळीस मिनिटें

आमच्या घरांत भिंतीवर एक जुनें घड्याळ आहे. तें नेहमीं ३९ मिनिटें मागें असतें. तें बिघडलें आहे असें मात्र कोणी समजूं नये. आठवड्यांतून एकदां चावी दिली कीं तें मोठ्या इमानानें चालतें, आणि तितक्याच इमानानें चुकीची वेळ सांगतें. नवा पाहुणा आला म्हणजे तो प्रथम घड्याळाकडे पाहतो, मग आपल्या मनगटाकडे पाहतो, आणि शेवटीं आमच्याकडे दयार्द्र दृष्टीनें पाहतो. त्याला आम्ही चहा देतों आणि पणजोबांची गोष्ट सांगतों. तीच आज वाचकांस सांगावी म्हणतों.

हें घड्याळ पणजोबांनीं गिरगांवांतील एका चाळींत बिऱ्हाड थाटलें तेव्हां विकत घेतलें. त्या काळीं मुंबईची वेळ मुंबईच्या सूर्यावरून ठरत असे. पुढें १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें साऱ्या हिंदुस्थानासाठीं एकच वेळ लागू केली. ती साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरची, म्हणजे प्रयागच्या बाजूची. एक अंश ओलांडावयास सूर्याला चार मिनिटें लागतात, आणि मुंबई त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस जवळजवळ पावणेदहा अंशांवर आहे. म्हणून मुंबईची मध्यान्ह ३९ मिनिटें उशिरां होते. आगगाडीनें व तारखात्यानें नवी वेळ उचलली. परंतु मुंबईकरांनीं सभा भरविल्या, अर्ज धाडले, आणि म्युनिसिपालिटीनें तर पुढें चाळीसांहून अधिक वर्षें मुंबईचीच वेळ चालविली. आमचे पणजोबा म्युनिसिपालिटीच्या पक्षाचे. “सूर्य डोक्यावर येण्यापूर्वीं बारा वाजले म्हणणें म्हणजे दिवसाढवळ्या खोटें बोलणें!” असें ते ठणकावून सांगत.

आजोबा पडले कचेरींतले हिशेबनीस. कचेरी नव्या वेळेनें उघडे, तेव्हां त्यांचें मनगटी घड्याळ अर्थातच नव्या वेळेचें. अशा रीतीनें दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दोन वेळा सुखानें नांदूं लागल्या. सुख नव्हतें तें फक्त आजीला. मुलाचें पान एका वेळेला आणि सासऱ्यांचें दुसऱ्या वेळेला. “ह्यांच्या वेळेला आमटी गरम, तर मामंजींच्या वेळेला भात गार,” असें ती आम्हांला हंसत हंसत सांगे.

या भांडणाचा पहिला प्रसाद तिला लग्नांतच मिळाला होता. तिचें माहेर पुण्याचें. तेथें नवी वेळ. सकाळीं नऊ वाजतां वरपक्षानें मंडपांत यावयाचें ठरलें होतें. नऊ वाजले, सव्वानऊ झाले, तरी नवरदेवाचा पत्ता नाहीं. मुलीच्या वडिलांचा धीर सुटूं लागला. जानवशाला निरोप्या धांवला, तर पणजोबा शांतपणें सुपारी कातरीत बसलेले. त्यांच्या खिशांतलें घड्याळ घाट चढूनही मुंबईचेंच राहिलें होतें. “एवढी घाई कसली? अजून नऊ वाजावयास बराच अवकाश आहे,” असें म्हणून त्यांनीं निरोप्याला विडा दिला! मुहूर्त तेवढा साधला. कारण भटजीबोवांनीं तो घटिकांत काढला होता, आणि घटिका सूर्योदयापासून मोजतात. घटिकेला सरकारही ठाऊक नाहीं आणि म्युनिसिपालिटीही नाहीं.

परतीची आगगाडी मात्र घटिकांवर चालत नव्हती. सारें वऱ्हाड स्टेशनावर पोंचलें तेव्हां गाडी निघून गेलेली. “गाडी वेळेआधीं सुटली!” हा पणजोबांचा निकाल, आणि तो त्यांनीं जन्मभर बदलला नाहीं. आजीनें सासरचा पहिला संसार फलाटावर, एका ट्रंकेवर बसून मांडला.

सप्टेंबर १९४२ मध्यें महायुद्धामुळें सरकारनें घड्याळें आणखी एक तास पुढें केलीं; ती व्यवस्था ऑक्टोबर १९४५ पर्यंत टिकली. आजोबांनीं आपला कांटा निमूटपणें पुढें सरकविला. पणजोबांचें घड्याळ जागचें हललें नाहीं. आतां बापलेकांमध्यें १ तास ३९ मिनिटांचें अंतर पडलें. पूर्वीं वाद होत, ते सुद्धां थांबले. “किती वाजले?” हा प्रश्न एकमेकांस विचारावयाचा नाहीं, असा अलिखित तहच झाला म्हणा ना! चाळींतले लोक याला हंसत. आजीला मात्र या मुकेपणाचें हंसूं येत नसे. ती म्हणे, “भांडत होते तेव्हां निदान बोलत तरी होते.”

१९४४ च्या हिवाळ्यांत पणजोबांनीं अंथरूण धरलें. दृष्टी जवळजवळ गेली होती. अंथरूण आंतल्या खोलींत, घड्याळ बाहेरच्या. टोले ऐकूं येत, पण मधला वेळ त्यांना कळत नसे. एके दिवशीं सकाळीं आजोबा कचेरीचे कपडे करून त्यांच्यापाशीं गेले, तेव्हां पणजोबांनीं विचारलें, “किती वाजले रे?”

आजी दाराशीं थबकली. आजोबांनीं मनगटाकडे पाहिलें. पावणेदहा झाले होते. क्षणभर त्यांचे ओठ हिशेब करतांना हलावे तसे हलले. मग ते म्हणाले, “आठ वाजून सहा मिनिटें झालीं, अण्णा.”

पणजोबा थोडा वेळ कांहींच बोलले नाहींत. नंतर हळूच म्हणाले, “म्हणजे तुझे पावणेदहा झाले. जा, कचेरीला उशीर होईल.”

इतकीं वर्षें एकमेकांची वेळ खोटी ठरविणाऱ्या त्या दोघांना एकमेकांची वेळ तोंडपाठ होती! त्यानंतर पणजोबा जिवंत होते तोंवर रोज सकाळीं हीच प्रश्नोत्तरें होत. आजी सांगे, “उभ्या जन्मांत ह्यांच्याकडून हिशेबाची चूक झाली नाहीं, पण त्या दिवसांत ते दोन दोनदां वजाबाकी करून पाहत.”

पणजोबा गेल्यावर आतां घड्याळ पुढें होणार असें सर्वांस वाटलें. आजोबांनीं त्याला कोणास हात लावूं दिला नाहीं. ते दर रविवारीं स्वतः चावी देत, कांच पुसत, आणि कांटे मात्र होते तेथेंच ठेवीत. पुढें हें काम माझ्या वडिलांकडे आलें, आणि आतां तें माझ्याकडे आहे.

आमच्या घराण्याच्या सहाव्या पिढीनेंही या घड्याळाचा उपयोग शोधून काढला आहे. माझी नात आपल्याच शाळेंत शिकते. एकदां ती उशिरां पोंचली. बाईंनीं कारण विचारतांच तिनें उत्तर दिलें, “आमच्या घरच्या घड्याळाप्रमाणें मी अगदीं वेळेवर आलें आहें.” बाईंची चिठ्ठी घरीं आली. मी क्षमापत्र लिहून दिलें, आणि शाळेची घंटा आमच्या नात्यांतली नाहीं हें नातीला नीट समजावून सांगितलें.

परवां रात्रीं माझा चष्मा सांपडेना. मी नातीला विचारलें, “किती वाजले ग?” तिनें आईच्या मोबाइलाकडे पाहिलें, भिंतीकडे पाहिलें, आणि गंभीरपणें मलाच विचारलें, “कोणाचे सांगूं?”

घड्याळाला वारस मिळाला, याची त्याच क्षणीं माझी खात्री पटली.